बंदीची वेळ येण्याआधी

खचाखच भरलेल्या समुद्रकिनाऱ्याचं वरून टिपलेलं छायाचित्र कुठे प्रसिद्ध झालं की पुढचा वाद जवळजवळ पाठ झाल्यासारखा होतो. एक बाजू म्हणते, लोकांना शिस्तच नाही, किनारा बंद करून टाका. दुसरी म्हणते, समुद्र कुणाच्या बापाचा नाही, आणि पर्यटन थांबलं तर हजारो घरांतल्या चुली विझतील. मग तिसरा कुणीतरी समजूतदारपणे सुचवतो, सगळ्यांनी इथेच कशाला यायचं, आजूबाजूला किती तरी निवांत किनारे पडून आहेत, गर्दी तिकडे वळवा. तिघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. पण मुख्य प्रश्नाला तिघेही बगल देतात. एका ठरावीक जागेला, ठरावीक वेळी, किती माणसांचा वावर सोसतो? आणि ती संख्या भरली की पुढच्या माणसाला ‘आज जागा नाही’ असं कुणी, कोणत्या अधिकारात सांगायचं?

माझं मत आधीच सांगून टाकतो. गर्दीच्या किनाऱ्यांना मर्यादा हवी, ती नुकसान दिसायच्या आधी ठरवलेली हवी, आणि जागा वाटताना पैसा हा निकष सगळ्यात शेवटी यायला हवा. किनारा पूर्ण बंद करण्याची पाळी येते ती मर्यादा वेळेत न घातल्यामुळे. त्या चुकीचा भुर्दंड नफा कमावून मोकळे झालेल्यांना फारसा बसत नाही. तो बसतो हातावर पोट असलेल्यांना.

फिलिपिन्समधल्या बोराकाय बेटाचं उदाहरण घ्या. जेमतेम दहा चौरस किलोमीटरचं हे बेट. २०१७ साली तिथे वीस लाखांच्या आसपास पर्यटक आले. किनाऱ्यालगतच्या इमारतींचं मैलापाणी प्रक्रिया न करताच समुद्रात जात होतं, पांढऱ्याशुभ्र पुळणीच्या कडेने हिरव्या शेवाळाचा पट्टा साचत होता. २६ एप्रिल २०१८ रोजी सरकारने सगळं बेटच पर्यटकांसाठी बंद केलं, ते सहा महिन्यांनी उघडलं. उघडताना आकडे ठरले: एका वेळी बेटावर १९,२१५ पर्यटक, दिवसाला नवे ६,४०५. मला या आकड्यांच्या तारखेचं वाईट वाटतं. बेटावरचं पाणी, सांडपाण्याची व्यवस्था, पुळणीची लांबी-रुंदी हे सगळं बंदीच्या आधीही मोजता आलं असतं. तेव्हा मोजलं असतं तर कदाचित बंदीची गरजच पडली नसती. ज्याच्यामागे बँक उभी आहे असं हॉटेल सहा महिने तग धरतं. खोल्या झाडणारी बाई, होडीवाला, पुळणीवर फिरून विकणारा पोरगा यांनी ते सहा महिने कसे काढायचे? ‘मर्यादा घातली तर रोजगार बुडेल’ म्हणणाऱ्यांनी या प्रश्नाचं उत्तर द्यायला हवं, कारण रोजगार एका रात्रीत बुडाला तो मर्यादा नसल्यामुळे.

थायलंडच्या माया बेचीही गत तीच झाली. तीन बाजूंनी कड्यांनी वेढलेला हा चिमुकला उपसागर एका चित्रपटामुळे जगभर गाजला. मग दिवसाला काही हजार माणसं आणि त्यांना आणणाऱ्या बोटी यांनी तो भरून जाऊ लागला. नांगरांनी आणि पायांनी प्रवाळ मोडला. जून २०१८ मध्ये जागा बंद झाली. सुरुवातीला काही महिन्यांचीच बंदी होती, ती वाढत वाढत जानेवारी २०२२ पर्यंत गेली. आज तिथे बोटीला उपसागरात शिरता येत नाही, ती बेटाच्या मागच्या बाजूला लागते आणि माणसं फळ्यांच्या वाटेने चालत पुढे येतात. एका वेळी काही शेच आत सोडतात, पोहायला मनाई आहे, आणि दरवर्षी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जागेला विश्रांती असते. पराचं टोक काळं असलेले लहान शार्क तिथल्या उथळ पाण्यात परतले आहेत. म्हणजे उपाय माहीत होते आणि ते चाललेही. साडेतीन वर्षं दार लावून बसण्याआधी ते करून बघितले नाहीत, एवढंच.

आता विरोधी मुद्द्यांकडे. त्यातले काही खरंच वजनदार आहेत.

पहिला शिस्तीचा. संख्या मोजत बसण्यापेक्षा वागणं सुधारा, बाटल्या फेकणाऱ्याला दंड करा, गाडी पुळणीवर घालणाऱ्याची गाडी उचला. हे सगळं करायलाच हवं, त्याला कोण नाही म्हणेल? वागण्याने फरकही पडतो. हवाईतली हनौमा बे ही ज्वालामुखीच्या मुखात तयार झालेली जागा. १९८०च्या दशकात तिथे एकेका दिवशी दहा हजारांपर्यंत माणसं उतरत. आता पाण्यात जाण्याआधी प्रत्येकाला माहितीपट बघावा लागतो: प्रवाळ हा जिवंत प्राणी आहे, त्यावर उभं राहू नका. पण तिथेही नुसत्या समजावण्याने भागलेलं नाही. रोजची संख्या बांधलेली आहे आणि आठवड्यातले दोन दिवस उपसागर बंद असतो. कारण अगदी सभ्य माणसालाही वजन असतं, घाम असतो, अंगाला लावलेलं मलम असतं.

समुद्रापासून दूरचा एक दाखला इथे देतो, कारण यापेक्षा स्पष्ट दाखला मला माहीत नाही. फ्रान्समधली प्राचीन भित्तिचित्रांची लास्को गुहा १९४० साली सापडली, १९४८ला लोकांसाठी उघडली आणि १९६३ला बंद करावी लागली. रोज हजारावर माणसं आत जात. त्यांनी भिंतींवर नावं कोरली नव्हती, चित्रांना हात लावला नव्हता, कचरा टाकला नव्हता. ती फक्त श्वास घेत होती. त्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड, वाफ आणि अंगाची ऊब एवढ्याने हजारो वर्षं टिकलेली चित्रं खराब होऊ लागली. कोणता दंड लावणार होता यावर?

किनाऱ्यावरही असंच, हळूहळू आणि कुणाच्याही वाईट हेतूशिवाय घडतं. इटलीच्या सार्डिनिया बेटावरच्या ला पेलोसा किनाऱ्यावर टॉवेलखाली चटई अंथरणं सक्तीचं आहे. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हा नियम चमत्कारिक वाटला होता. मग डोळ्यांसमोर आणून पाहिलं. ओला टॉवेल पुळणीवर टाकला की त्याच्या धाग्यांत बारीक वाळू बसते. झटकला तरी मूठभर राहतेच, ती पिशवीत जाते, खोलीवर जाते, मोरीतून वाहून जाते. एका माणसाची मूठभर. रोज हजारो माणसं, सगळा उन्हाळाभर. तिथल्या प्रशासनाने चटईची सक्ती केली आणि शिवाय दिवसाला १,५०० माणसांची मर्यादाही घातली. वागणूक आणि संख्या या गोष्टी एकमेकींच्या बदल्यात येत नाहीत, एकीला दुसरीची जोड लागते.

दुसरा मुद्दा मला सगळ्यात जास्त पटतो: माणसं हा खरा प्रश्नच नाही, प्रश्न आहे सांडपाण्याचा आणि सिमेंटचा. बोराकायचा समुद्र पोहणाऱ्यांनी हिरवा केला नाही, सांडपाण्याच्या नळांनी केला. पुळणीवरच्या माणसांच्या फोटोवर हळहळायचं आणि मागच्या बेकायदा बांधकामाबद्दल अवाक्षर काढायचं नाही, ही सोयीची नजर आहे. शिवाय एखाद्या जागेची क्षमता म्हणून एकच आकडा सांगण्याची पद्धत मुळात कुरणांच्या हिशेबातून आली: एवढ्या गवतावर एवढी गुरं. माणसं गुरांसारखी एकाच प्रकारे चरत नाहीत. तोच किनारा ओहोटीला दोन हजार माणसं सहज सामावतो आणि भरतीला, पाणी वाळूच्या टेकड्यांच्या पायथ्याशी आलेलं असताना, पाचशेंनीही गुदमरतो. अमेरिकेतल्या वनखात्याच्या अभ्यासकांनी १९८०च्या दशकातच प्रश्न उलटा विचारायला सुरुवात केली: किती माणसं चालतील हे नंतर पाहू, या जागेत किती बदल आपण मान्य करणार हे आधी ठरवू.

हे सगळं मान्य. पण त्यातून ‘म्हणून संख्या मोजू नका’ असा निष्कर्ष निघत नाही. निघतो तो असा की संख्या योग्य ठिकाणी मोजा. बेटांवर आणि किनारपट्टीच्या गावांत जमिनीखालचं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. गोडं पाणी किंचित हलकं, म्हणून ते वर राहतं. साधारण हिशेब असा, की समुद्रसपाटीच्या वर एक मीटर गोडं पाणी उभं असेल तर खाली सुमारे चाळीस मीटरपर्यंत त्याचा साठा असतो. उपसा करून वरची पातळी मीटरभर उतरवली की खालून चाळीस मीटर खारं पाणी वर सरकू लागतं. विहीर एकदा खारावली की ती पुन्हा गोडी व्हायला वर्षानुवर्षं लागतात, आणि ती विहीर पर्यटकाची नसते, गावाची असते. मग पाहुण्यांची संख्या कुठे बांधायची? पुळणीवर नाही, खाटांवर. ऑस्ट्रेलियाच्या लॉर्ड हाऊ बेटाने हेच केलं, एका वेळी ४०० पर्यटकांनाच मुक्कामाची जागा. तिथे पुळणीवर रखवालदार उभा करण्याची गरज पडत नाही, कारण मर्यादा आधीच खोलीच्या परवान्यात घातलेली आहे. सांडपाणी आणि बांधकाम हाच खरा प्रश्न आहे म्हणणाऱ्यांना माझं इतकंच सांगणं आहे की खाटांची मर्यादा हीच तुमच्या मागणीची अंमलबजावणी आहे.

आता तिसरा, तो समजूतदार सल्ला: गर्दी विखरा. या सल्ल्याचा मला सगळ्यात जास्त धाक वाटतो, कारण तो सगळ्यांना लगेच पटतो.

वाळूच्या टेकड्यांवरचं गवत जवळून पाहिलं आहे का? वर चार रापलेली पाती दिसतात, खाली मात्र आडव्या मुळांचं जाळं दूरवर पसरलेलं असतं. टेकडी त्या जाळ्यानेच जागेवर धरलेली असते. समुद्राकडे जायला जवळची वाट म्हणून माणसं तिच्यावरून चालू लागतात. पहिल्या थोड्या पावलांतच पाती मोडू लागतात, मुळं उघडी पडतात, आणि मग त्या फटीत वारा शिरतो. पुढचं काम वाराच करतो. दोन-तीन हंगामांत तिथे खिंड तयार होते आणि वादळात पाणी त्या खिंडीतून आत येतं. पायवाटांमुळे होणाऱ्या झिजेचा अभ्यास करणाऱ्यांना ठिकठिकाणी हेच दिसलं आहे की नुकसानीचा मोठा वाटा पहिल्या थोड्या पावलांचा असतो. जी जागा आधीच तुडवली गेली आहे तिथे हजारावं पाऊल फारसं काही बिघडवत नाही. मग तुडवलेल्या जागेवरची पाचशे माणसं उचलून दहा कोऱ्या किनाऱ्यांवर पन्नास-पन्नास पाठवली तर काय होईल? मूळ किनारा जवळजवळ तसाच राहील आणि दहा नव्या जागी पहिलं पाऊल पडेल.

कासवांच्या बाबतीत हे आणखी टोकाला जातं. मादी रात्री वर येते. प्रकाश दिसला, माणसांची हालचाल दिसली तर अंडी न घालताच पाण्यात परतते. दीड-दोन महिन्यांनी पिल्लं वाळूतून बाहेर येतात आणि क्षितिजाजवळ जो भाग जास्त उजळ त्या दिशेने धावतात. काळोख्या किनाऱ्यावर ती दिशा समुद्राची असते. मागे एकच दिवा लावलेलं एकच राहण्याचं ठिकाण आलं की पिल्लं उलट्या दिशेला निघतात. गाडीच्या चाकाने वाळूत पडलेली चाकोरी आपल्याला दिसतही नाही, पण बोटभर पिल्लाला ती लांबलचक खंदक असते, त्यातच धावत राहून ते दमतं. भर दुपारी शहरी चौपाटीवरची दहा हजार माणसं करणार नाहीत इतकं नुकसान इथे रात्रीची एक गाडी करून जाते. ‘अजून कुणाला माहीत नसलेला किनारा’ म्हणून अशा जागांचे पत्ते वाटणाऱ्यांनी हे एकदा मनावर घ्यावं. गर्दीला पक्की वाट, पक्की स्वच्छतागृहं, प्रशिक्षित जीवरक्षक असलेल्या मोजक्या ठिकाणी सामावून घ्या, बाकीचे किनारे सोडून द्या. गर्दीचा फोटो पाहवत नाही, हे जागा बिघडल्याचं प्रमाण नाही.

राहिला रोजगार. हा मुद्दा मांडणारे प्रामाणिक असतात आणि त्यांना हिणवणारे बहुधा पगारी नोकरीतले असतात, म्हणून तो गांभीर्यानेच घ्यायला हवा. पण माणसांची संख्या आणि गावाची कमाई एका दराने वाढतात हे गृहीतक तपासून पाहू. महाकाय पर्यटक जहाजातून हजारो माणसं सकाळी उतरतात, जेवण जहाजावर, मुक्काम जहाजावर, संध्याकाळी परत. गावाच्या वाट्याला रस्त्यावरची गर्दी येते. क्रोएशियातल्या डुब्रोव्हनिकने २०१९ मध्ये जहाज कंपन्यांशी बोलणी करून एका वेळी दोन जहाजं आणि चार हजार प्रवासी अशी मर्यादा आणली. फ्लोरिडातल्या की वेस्टच्या नागरिकांनी २०२० साली मतदान करून मोठ्या जहाजांवर मर्यादा घातल्या. पुढच्याच वर्षी राज्याच्या विधिमंडळाने त्या रद्द केल्या. स्थानिकांच्या पोटाची काळजी करणाऱ्यांनी या घटनेचा विचार करावा. तिथे मर्यादा स्थानिकांनीच मागितली होती, आणि ती वरून काढून घेतली गेली.

सर्वांत जुना आणि सर्वांत उदात्त आक्षेप शेवटी ठेवला आहे. समुद्र सगळ्यांचा. सहाव्या शतकात रोमन सम्राट जस्टिनियनच्या कायद्यात हे लिहून ठेवलं आहे की हवा, वाहतं पाणी, समुद्र आणि समुद्राचे किनारे निसर्गतः सर्वांच्या सामाईक मालकीचे. किनाऱ्याला फाटक बसवणं हे त्या तत्त्वाच्या विरुद्ध, आणि फाटक आलं की तिकीट येतं, तिकीट आलं की गरीब बाहेर राहतो. ही भीती खरी आहे. मी स्वतः फाटकापेक्षा तिकिटाला जास्त घाबरतो. व्हेनिसने २०२४ साली गर्दीच्या दिवशी एका दिवसासाठी येणाऱ्यांकडून पाच युरो घ्यायला सुरुवात केली, पण किती जणांनी यावं याला वरची सीमाच ठेवली नाही. मग ती मर्यादा कसली? तो कर झाला. आणि शुल्क इतकं वाढवलं की माणसं खरोखर कमी होतील, तर जे कमी होतील ते कोण असतील हे वेगळं सांगायला नको.

पण सामाईक मालकी म्हणजे अमर्याद वापर असं कोणत्या काळी होतं? फ्रान्समधल्या मार्सेलजवळच्या कालांक राष्ट्रीय उद्यानातल्या सुजितों खाडीकडे पाहा. उन्हाळ्यात एकेका दिवशी अडीच हजार माणसं उतरत, उतारावरची माती घसरत होती, पाइन वृक्षांची मुळं उघडी पडत होती. २०२२च्या उन्हाळ्यापासून तिथे दिवसाला ४०० जणांना प्रवेश आहे, आधी नाव नोंदवून आणि पूर्णपणे मोफत. ज्याने आधी नोंदवलं तो जातो, श्रीमंत असो वा विद्यार्थी. इक्वेडोरच्या गालापागोस बेटांवर प्रवेश शुल्क २०२४ साली दोनशे डॉलर झालं, त्यावर चर्चाही खूप झाली. पण तिथली जमीन वाचवली ती शुल्काच्या कितीतरी आधीपासून चालत आलेल्या शिस्तीने: आखलेल्या वाटेबाहेर पाऊल नाही, एका प्रशिक्षित वाटाड्यामागे सोळा माणसं, आणि कोणती बोट कोणत्या दिवशी कुठे जाईल याचं ठरलेलं वेळापत्रक.

वेळापत्रकावरून तुर्कस्तानातल्या अलान्याची गोष्ट आठवते. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यांनी आपल्या संशोधनात हा दाखला दिला आहे. १९७०च्या दशकात तिथल्या शंभरेक मच्छीमारांत चांगल्या जागांवरून भांडणं होत. सहकारी संस्थेतल्या लोकांनी बसून मार्ग काढला. मासेमारीच्या सगळ्या जागांची नावांनिशी यादी केली, एकाचं जाळं शेजारच्याच्या आड येणार नाही एवढं अंतर राखलं. सप्टेंबरमध्ये चिठ्ठ्या टाकून प्रत्येकाला सुरुवातीची जागा मिळे, आणि मग जानेवारीपर्यंत रोज प्रत्येक जण एक जागा पूर्वेला सरके, नंतर मेपर्यंत एक जागा पश्चिमेला. समुद्र सगळ्यांचाच राहिला, चांगली जागाही आळीपाळीने सगळ्यांना मिळाली, आणि कुणाला जास्त पैसे मोजून ती विकत घेता आली नाही. पहारा ठेवायला वेगळं खातं लागलं नाही, कारण आज आपल्या जागेवर दुसरा कुणी आला तर ते ज्याची पाळी असेल त्याच्या लगेच लक्षात येई.

किनाऱ्यावर पर्यटक नेणाऱ्या होड्यांना, पुळणीवरच्या विक्रेत्यांना, राहण्याच्या जागा चालवणाऱ्यांना असंच एकत्र बसवता येईल. आकडा शास्त्रज्ञांनी पाणी, वाळू आणि प्रवाळ मोजून सुचवावा, पाळ्या तिथे राबणाऱ्यांनी ठरवाव्यात, आणि या दोन्ही गोष्टी हंगाम सुरू होण्याआधी लिहून लावाव्यात. पहिल्या वर्षी तो आकडा चुकेल. चुकला तर दुसऱ्या वर्षी बदलता येतो. होडीवाल्याला मात्र हंगामाच्या पहिल्या दिवशी माहीत असेल की आपल्या वाट्याला कोणते दिवस आहेत, आणि मधल्याच एखाद्या सकाळी सगळा किनारा बंद झाल्याचा हुकूम त्याच्या हातात पडणार नाही.